खंदकातून दिसलेला सत्तासमतोल : ‘होमेज टू कॅटलोनिया’चे पुनर्वाचन

अंतर्गत युद्धाला मराठीत ‘यादवी’ म्हटले जाते. मौसलपर्वातील यादवकुलाच्या संहाराची स्मृती या शब्दात साठलेली आहे. प्रभासक्षेत्री यादव आपसांत लढले, हाती आलेल्या एरका गवताचेच मुसळ झाले आणि कुल संपले. त्या कलहात बाहेरचा कोणी नव्हता. विसाव्या शतकातील अंतर्गत युद्धांना हा शब्द लावताना मात्र अर्थाची ओढाताण होते. १९३६ ते १९३९ या काळात स्पेनमध्ये जी यादवी झाली तीत लढणारी माणसे बहुतांशी स्पॅनिश होती. परंतु त्यांच्या हातांतील मुसळे बाहेरून आलेली होती, आणि ती कोणाला मिळावीत व कोणाला मिळू नयेत याचा निर्णय बर्लिन, रोम, मॉस्को, पॅरिस आणि विशेषतः लंडन येथे होत होता. सुमारे पाच लाख माणसे या युद्धात मृत्यू पावली. त्याचा निकाल लागला १ एप्रिल १९३९ रोजी. त्यानंतर पाच महिन्यांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले.

या यादवीवर विपुल लेखन झाले आहे. त्यात जॉर्ज ऑर्वेल यांचे ‘होमेज टू कॅटलोनिया’ हे पुस्तक सर्वाधिक वाचले जाते. आपल्याकडे ते इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून किंवा ‘अॅनिमल फार्म’ व ‘नाइन्टीन एटी-फोर’ या कादंबऱ्यांची पूर्वपीठिका म्हणून परिचित आहे. राज्यशास्त्राचा किंवा इतिहासाचा अभ्यासक त्याकडे ‘साहित्य’ म्हणून आदराने पाहतो आणि पुढे जातो. साहित्याचा अभ्यासक त्यातील राजकारण ‘पार्श्वभूमी’ म्हणून गुंडाळतो. या दोन्ही वाचनांत पुस्तकाचे नुकसान होते. एका दूरच्या यादवीने जगाचा सत्तासमतोल कसा हलतो, या प्रश्नाविषयी हे पुस्तक काय सांगते, काय सांगू शकत नाही, आणि त्याच्या वाचकांनी त्याच्याकडून नको ते काय वदवून घेतले आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

लेखक, पुस्तक आणि त्याचे नशीब

ऑर्वेल यांचा जन्म १९०३ साली बिहारमधील मोतिहारी येथला. १९२२ ते १९२७ या काळात ब्रह्मदेशात त्यांनी साम्राज्याच्या पोलीस खात्यात नोकरी केली. डिसेंबर १९३६च्या अखेरीस ते बार्सेलोनास पोहोचले आणि ‘पोउम’ या छोट्या, स्टालिनविरोधी मार्क्सवादी पक्षाच्या लोकसेनेत दाखल झाले. अॅरगॉन आघाडीवर त्यांनी सुमारे चार महिने काढले. एप्रिलच्या अखेरीस रजेवर बार्सेलोनास आले असता मे १९३७च्या रस्त्यावरील लढाईत सापडले. परत आघाडीवर गेल्यावर २० मे रोजी त्यांच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. १६ जून रोजी ‘पोउम’ बेकायदा ठरविण्यात आला, त्याचे नेते आंद्रेस नीन यांना अटक होऊन पुढे त्यांची हत्या झाली, आणि २३ जूनला ऑर्वेल पत्नी आयलीनसह सीमा ओलांडून फ्रान्समध्ये आले.

पुस्तक एप्रिल १९३८मध्ये प्रसिद्ध झाले. ऑर्वेल यांचे नेहमीचे प्रकाशक व्हिक्टर गोलान्झ यांनी ते नाकारले होते. सेकर अँड वॉरबर्ग यांनी काढलेली १,५०० प्रतींची आवृत्ती लेखकाच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जानेवारी १९५०पर्यंत, संपली नव्हती. अमेरिकेत ते १९५२ साली लायोनेल ट्रिलिंग यांच्या प्रस्तावनेसह निघाले. ही सनावळी केवळ माहितीसाठी नाही. १९३८च्या वाचकापुढे स्पेनचे युद्ध चालू होते. १९५२च्या वाचकापुढे कोरियाचे. पहिल्याला हे पुस्तक गैरसोयीचे वाटले आणि दुसऱ्याला अतिशय सोयीचे. पुस्तकाचा एक शब्दही न बदलता त्याचा अर्थ बदलला.

रायफलीवरील सन

पुस्तकात एक तपशील आहे. आघाडीवर गेल्यावर ऑर्वेल यांना जी रायफल मिळाली ती जर्मन बनावटीची माउझर होती आणि तिच्यावर १८९६ हे साल होते. चाळीस वर्षांची ती रायफल गंजलेली होती. पुढच्या पानांत या दारिद्र्याचे वर्णन वाढत जाते. शिरस्त्राणे नाहीत, नकाशे नाहीत, दुर्बिणी नाहीत, तोफा जवळजवळ नाहीत. हातबॉम्ब असे की फेकणाऱ्याला आणि ज्याच्यावर फेकला त्याला सारखाच धोका. न फुटणारा एकच तोफगोळा दोन्ही बाजूंमध्ये रोज ये-जा करतो, अशी सैनिकांतली थट्टाही ते नोंदवितात. शत्रूपेक्षा थंडी आणि जळणाची टंचाई मोठी वाटावी अशी ती आघाडी होती.

समीक्षकांनी या भागाचे कौतुक त्यातील विनोदबुद्धीसाठी व प्रामाणिकपणासाठी केले आहे. ते योग्यच आहे. परंतु त्याकडे पुरावा म्हणून फारसे कोणी पाहत नाही. वस्तुतः सत्तासमतोल या अमूर्त संकल्पनेचे इतके मूर्त दर्शन राजनैतिक इतिहासाच्या जाड ग्रंथांतही क्वचितच होते. एका बाजूच्या शिपायाच्या हाती १८९६ची रायफल आहे; दुसऱ्या बाजूला त्याच काळात जर्मनीच्या काँडोर लीजनची नवी विमाने आहेत. हा फरक स्पेनमध्ये निर्माण झालेला नव्हता. जुलै १९३६मध्ये बंड झाले तेव्हा आरमाराचा व विमानदलाचा मोठा भाग, औद्योगिक प्रदेश आणि देशाचे सोने प्रजासत्ताकाकडेच होते. फ्रँको यांचे खरे बळ असलेले आफ्रिकेतील सैन्य मोरोक्कोत अडकून पडले होते. २५ जुलैच्या रात्री बायरॉइट येथे हिटलरने मदतीचा निर्णय घेतला, युंकर्स ५२ जातीची सुमारे वीस वाहतूक विमाने आली आणि ऑक्टोबरपर्यंत १३,०००हून अधिक सैनिक जिब्राल्टरची सामुद्रधुनी हवेतून ओलांडून आले. फसत चाललेल्या बंडाचे दीर्घ युद्ध झाले ते येथे.

मग प्रजासत्ताकाने शस्त्रे विकत का घेतली नाहीत? एक कायदेशीर सरकार, हाती जगातील चौथ्या क्रमांकाचा मानला जाणारा सोन्याचा साठा, शेजारी फ्रान्समध्ये लेऑन ब्लुम यांचे समविचारी सरकार. तरीही ते जमले नाही. ब्लुम सरकारनेच ऑगस्ट १९३६च्या आरंभी ‘अहस्तक्षेपा’चा प्रस्ताव मांडला, देशांतर्गत फुटीची भीती आणि ब्रिटनची नाराजी ही त्यामागची कारणे होत. ९ सप्टेंबरपासून लंडनमध्ये अहस्तक्षेप समितीच्या बैठका सुरू झाल्या. सत्तावीस राष्ट्रे तीत होती; जर्मनी, इटली आणि सोव्हिएत संघ हे हस्तक्षेप करणारे तिन्ही देशही तिचे सन्माननीय सदस्य होते. १९३७च्या वसंतात समितीने समुद्रावरील पहाऱ्याची योजना आखली, तेव्हा प्रजासत्ताकाच्या पूर्व किनाऱ्यावर पहारा देण्याचे काम जर्मन व इटालियन आरमाराकडे गेले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, ही म्हण इतकी अक्षरशः खरी ठरल्याचे उदाहरण राजनयाच्या इतिहासात विरळा. अमेरिकेने जानेवारी १९३७मध्ये कायदा करून शस्त्रनिर्यात बंद केली. तेल मात्र शस्त्र ठरले नाही, आणि टेक्साको कंपनीचे तेल फ्रँको यांना उधारीवर मिळत राहिले.

प्रजासत्ताकाने अखेरीस सोने मॉस्कोला पाठविले. ऑक्टोबर १९३६मध्ये कार्ताहेना बंदरातून सुमारे ५१० टन सोने निघाले. त्याच्या बदल्यात टी-२६ रणगाडे आणि पोलिकार्पोव्ह विमाने आली, त्यांनी त्या हिवाळ्यात माद्रिद वाचविण्यास मदत केली. आणि त्यांच्यासोबत सल्लागार, गुप्तहेर व स्टालिनचे राजकारणही आले. जेराल्ड हाउसन यांनी ‘आर्म्स फॉर स्पेन’ (१९९८) या ग्रंथात या व्यवहारांचा हिशेब तपासला आहे. खुल्या बाजारात प्रजासत्ताकाची झालेली लूट आणि रशियाने विनिमयदरात केलेली हातचलाखी, दोन्ही त्यात दिसतात.

ही साखळी लक्षात घेतली म्हणजे ऑर्वेल यांच्या पुस्तकाची रचना वेगळी दिसू लागते. लंडनमध्ये दार बंद झाले म्हणून मॉस्कोचे दार ठोठवावे लागले. मॉस्कोकडे जावे लागले म्हणून मॉस्कोच्या अटी आल्या. अटी आल्या म्हणून ‘पोउम’चा बळी गेला. ऑर्वेल यांनी पाहिली ती या साखळीची अखेरची कडी. ती त्यांनी अत्यंत जवळून, स्वतःच्या जिवावर बेतलेले असताना पाहिली आणि ठळकपणे मांडली. पहिल्या कडीची जाणीव त्यांना नव्हती असे नाही. राजकीय प्रकरणांत ब्रिटन व फ्रान्सच्या भूमिकेचा उल्लेख येतो. पण अनुभवाचे वजन एका पारड्यात आहे आणि अनुमानाचे दुसऱ्यात. वाचकाच्या स्मरणात पहिलेच उरते.

बार्सेलोना, मे १९३७

३ मे १९३७ रोजी सरकारी पोलिसांनी अराजकवादी संघटनेच्या ताब्यातील टेलिफोन केंद्र घेण्याचा प्रयत्न केला आणि शहरात अडथळे उभे राहिले. ऑर्वेल यांनी ते दिवस पोलिओरामा चित्रपटगृहाच्या गच्चीवर पहारा देत काढले. या प्रकरणात त्यांचे गद्य सर्वाधिक सावध होते, हे विशेष आहे. आपण एका बाजूचे होतो, आपल्या सांगण्यात चुका असणार, वाचकाने आपल्याही पक्षपातापासून जपावे, असा इशारा ते देतात. युद्ध आधी जिंकावे, क्रांती नंतर, ही कम्युनिस्टांची भूमिका आपल्याला आरंभी पटत होती आणि आपण माद्रिदला जाऊन आंतरराष्ट्रीय पथकात भरती होण्याच्या विचारात होतो, हेही ते लपवीत नाहीत. दंगल शमविण्यास व्हॅलेन्सियाहून आलेल्या असॉल्ट गार्ड दलाच्या हातांत नव्या कोऱ्या रायफली पाहून त्यांना आघाडीवरील जुनी लोखंडे आठवतात. एवढा एक प्रसंग पुस्तकाच्या राजकीय प्रतिपादनाला पुरेसा आहे. शस्त्रे होती, ती कोठे पाठवायची याची निवडही होती.

तरीही या प्रकरणाच्या बळावरच एक मोठा निष्कर्ष काढला गेला: स्पेनची क्रांती कम्युनिस्टांनी दडपली म्हणून स्पेन हरला. केन लोच यांच्या ‘लँड अँड फ्रीडम’ (१९९५) या चित्रपटाने तो नव्या पिढीपर्यंत पोहोचविला. १९९१नंतर खुल्या झालेल्या सोव्हिएत कागदपत्रांच्या आधारे रोनाल्ड राडोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी संपादित केलेल्या ‘स्पेन बिट्रेड’ (२००१) या ग्रंथानेही मॉस्कोच्या हस्तक्षेपाला अग्रभागी आणले. उलट, पॉल प्रेस्टन यांनी ऑर्वेल यांच्या पुस्तकाच्या मर्यादांवर कडक टीका केली. अॅरगॉनची एक शांत आघाडी आणि एका शहराचे काही दिवस एवढ्यावरून साऱ्या युद्धाचा अर्थ लावता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. माद्रिदचा वेढा, जारामा, बास्क प्रांत यांतले काही ऑर्वेल यांनी पाहिले नव्हते. ज्या सुमारास ते रजेवर बार्सेलोनास आले, त्याच सुमारास, २६ एप्रिल १९३७ रोजी, काँडोर लीजनच्या विमानांनी गेर्निका उद्ध्वस्त केले. युरोपच्या दृष्टीने त्या आठवड्यातील मोठी घटना ती होती, टेलिफोन केंद्र नव्हे.

प्रेस्टन यांच्या टीकेत मात्र एक कमतरता राहते. ऑर्वेल यांनी स्वतःच आपले मत पुढे दुरुस्त केले होते, ही गोष्ट या वादात दुय्यम ठरता कामा नये. १९४२मध्ये लिहिलेल्या ‘लुकिंग बॅक ऑन द स्पॅनिश वॉर’ या निबंधात त्यांनी क्रांती दडपली नसती तर युद्ध जिंकता आले असते हा युक्तिवाद बहुधा खोटा असल्याचे म्हटले आहे. फॅसिस्ट जिंकले ते अधिक बलवान असल्यामुळे व त्यांच्याकडे आधुनिक शस्त्रे असल्यामुळे, आणि युद्धाचा निकाल स्पेनबाहेरच्या राजधान्यांत ठरला, असा त्यांचा अभिप्राय आहे. म्हणजे रायफलीवरील सनाचा खरा अर्थ लेखकाला पाच वर्षांनी उमगला. त्याच्या वाचकांपैकी अनेकांना तो आजही उमगलेला नाही, कारण ते पुस्तक वाचतात आणि निबंध वाचत नाहीत.

समतोल हलला म्हणजे काय झाले?

‘स्पेन ही दुसऱ्या महायुद्धाची रंगीत तालीम’ हे वाक्य परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत इतक्या वेळा येते की त्यात अर्थ उरलेला नाही. तालमीचे रूपक शस्त्रास्त्रांपुरते ठीक आहे. त्यातही अनेकांनी चुकीचे धडे घेतले. रणगाड्यांची मोठी स्वतंत्र दळे निरुपयोगी असा निष्कर्ष स्पेनच्या अनुभवावरून काढून सोव्हिएत नेतृत्वाने १९३९च्या अखेरीस ती मोडली आणि दोनच वर्षांत त्याची किंमत मोजली. सत्तासमतोलाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट तालीम ही नव्हे, मैत्रीची फेरमांडणी ही होय.

त्यात पहिला क्रमांक इटलीचा लागतो. जुलै १९३४मध्ये ऑस्ट्रियाचे चॅन्सेलर डॉल्फस यांची नाझींनी हत्या केली तेव्हा मुसोलिनीने ब्रेनर खिंडीकडे सैन्य धाडून हिटलरला थोपविले होते. मार्च १९३८मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा तोच मुसोलिनी स्वस्थ बसला. मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या: इथिओपियाचे युद्ध आणि स्पेन. इथिओपियामुळे इटली ब्रिटन-फ्रान्सपासून दुरावला हे खरे; परंतु स्पेनमध्ये पाऊण लाखाच्या आसपास सैनिक आणि अमाप युद्धसाहित्य ओतल्यामुळे त्याला परतीचा मार्ग उरला नाही. १ नोव्हेंबर १९३६ रोजी मुसोलिनीने रोम-बर्लिन ‘आसा’ची भाषा केली, पुढच्या नोव्हेंबरात इटली कॉमिंटर्नविरोधी करारात सामील झाला. हिटलरला ही गोष्ट पुरती कळली होती. ५ नोव्हेंबर १९३७ रोजीच्या गुप्त बैठकीचे जे टिपण होसबाख यांनी ठेवले, त्यात फ्रँकोचा शंभर टक्के विजय जर्मनीला हितावह नाही, युद्ध लांबावे व भूमध्य समुद्रातील तणाव टिकावा, अशा आशयाचे त्याचे म्हणणे नोंदविले आहे. त्याने इटलीच्या मानाने कितीतरी कमी माणसे पाठविली आणि लाभ अधिक घेतला. लोहखनिज व पायराइट यांचा पुरवठाही पदरात पाडून घेतला.

दुसरा परिणाम मॉस्कोत झाला. ब्रिटन-फ्रान्ससह सामूहिक सुरक्षेची आघाडी उभारावी, हे परराष्ट्रमंत्री लिटव्हिनोव्ह यांचे धोरण होते. स्पेनमध्ये त्या धोरणाची परीक्षा झाली आणि म्युनिकमध्ये निकाल लागला. एब्रो नदीवरील अखेरची मोठी लढाई चालू असतानाच ३० सप्टेंबर १९३८ रोजी चेकोस्लोव्हाकियाचा सौदा झाला. युरोपीय युद्ध पेटेपर्यंत टिकून राहावयाचे, या पंतप्रधान नेग्रीन यांच्या आशेचा आधारच त्या दिवशी गेला. मे १९३९मध्ये लिटव्हिनोव्ह गेले, मोलोटोव्ह आले आणि २३ ऑगस्टला जर्मनीशी करार झाला. स्पेनमुळेच हा करार झाला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. म्युनिकचा वाटा त्यात मोठा आहे. पण पाश्चात्त्य लोकशाही राष्ट्रे फॅसिझमपेक्षा डाव्यांना अधिक भितात, हा स्टालिनचा संशय म्युनिकपूर्वी दोन वर्षे स्पेनने पोसला होता.

तिसरा परिणाम नैतिक म्हणावा लागेल, पण त्याचे फळ राजकीय होते. ठाम राहिल्यास हुकूमशहा माघार घेतात याचा पुरावा याच युद्धात मिळाला होता. ‘अज्ञात’ म्हणविल्या जाणाऱ्या इटालियन पाणबुड्या भूमध्य समुद्रात व्यापारी जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा सप्टेंबर १९३७मध्ये न्यों येथे परिषद भरली, ब्रिटिश व फ्रेंच आरमाराने गस्त सुरू केली आणि हल्ले जवळजवळ थांबले. हा धडा कोणी घेतला नाही. एप्रिल १९३८मध्ये चेंबरलेन सरकारने इटलीशी समझोता केला. २७ फेब्रुवारी १९३९ रोजी, युद्ध संपण्यापूर्वीच, ब्रिटन व फ्रान्स यांनी फ्रँको यांना मान्यता दिली.

येथे एक प्रतिवाद विचारात घेणे आवश्यक आहे. एवढे सारे करून हिटलरला स्पेनकडून मिळाले काय? २३ ऑक्टोबर १९४० रोजी आंदाई येथे फ्रँको यांच्याशी झालेली भेट निष्फळ ठरली, स्पेन युद्धात उतरला नाही, जिब्राल्टर ब्रिटनच्याच हाती राहिले. पुढे रशियाच्या आघाडीवर ‘ब्लू डिव्हिजन’ गेली, एवढेच. फ्रँको जिंकल्याने भूमध्य समुद्राचे दार बंद होईल हे भाकीत खोटे ठरले, आणि यादवीने पोखरलेला देश कोणाच्याच उपयोगाचा नसतो हे दिसले. या प्रतिवादात तथ्य आहे. मात्र समतोल हलतो तो केवळ विजेत्याच्या प्रदेशामुळे नव्हे. युद्धाच्या काळात इतरांनी एकमेकांविषयी जी मते बनविली त्यांमुळे तो अधिक हलतो. स्पेनपुरते तरी असे म्हणता येते. सीरियातील यादवीची तुलना अलीकडे स्पेनशी केली जाते. सप्टेंबर २०१५मध्ये रशियाने तेथे हस्तक्षेप केल्यावर जागतिक समतोल पालटल्याचे अनेकांनी जाहीर केले होते; डिसेंबर २०२४मध्ये असद राजवट काही दिवसांत कोसळली. अशा युद्धांचा जमाखर्च घाईने मांडू नये, एवढे तरी या दोन उदाहरणांवरून दिसते.

मोरोक्को आणि भारत

ब्रह्मदेशात साम्राज्याची नोकरी केलेल्या माणसाने स्पेनमध्ये साम्राज्याचा प्रश्न पाहिला नसता तरच नवल. ऑर्वेल यांच्या राजकीय विवेचनात मोरोक्कोवर काही ओळी आहेत. फ्रँकोच्या सैन्यात मोरोक्कोचे सैनिक मोठ्या संख्येने होते. हा आकडा साठ ते ऐंशी हजारांपर्यंत सांगितला जातो. प्रजासत्ताकाने मोरोक्कोला स्वातंत्र्य जाहीर केले असते तर फ्रँकोच्या पिछाडीस उठाव होऊ शकला असता, आणि ते केले गेले नाही याचे एक कारण ब्रिटन-फ्रान्सच्या वसाहतवादी हितसंबंधांना धक्का न लावण्याची दक्षता हे होय, असे त्यांचे म्हणणे आहे. इंग्रजी समीक्षेत या ओळींकडे जेवढे लक्ष जावयास हवे तेवढे गेलेले नाही. भारतीय वाचकाला त्या थांबवितात. लोकशाहीच्या रक्षणासाठी लढणारे सरकार वसाहत सोडावयास तयार नाही, आणि वसाहतीतला गरीब मनुष्य फॅसिस्टांच्या बाजूने बंदूक धरतो, ही विसंगती पुढे १९३९ साली भारतीय राजकारणाच्या दारात उभी राहिली.

नेहरूंना हा संबंध दिसला होता. जून १९३८मध्ये ते व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यासह बार्सेलोनास गेले. बॉम्बहल्ल्यांच्या छायेतील शहर त्यांनी पाहिले. प्रत्यक्ष लढावयास गेलेल्या थोड्या भारतीयांत नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार होते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रारंभीच्या काळातील हे सरकार्यवाह लंडनमध्ये असताना आंतरराष्ट्रीय पथकात ‘जॉन स्मिथ’ या नावाने दाखल झाले, १९३८मध्ये पकडले गेले आणि सान पेद्रो दे कार्देन्या येथील छावणीत कैदेत राहिले; पुढे ते कम्युनिस्ट चळवळीत गेले. एका आयुष्यात मावणारे हे अंतर स्पेनविषयीच्या कोणत्याही सुटसुटीत सिद्धान्ताला पेचात टाकील. डॉ. मदन अटल स्पेनमध्ये वैद्यकीय सेवा करून आले आणि सप्टेंबर १९३८मध्ये चीनकडे निघालेल्या काँग्रेसच्या वैद्यकीय पथकाचे प्रमुख झाले. त्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणीसांची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिचा एक धागा स्पेनमधून आला आहे, हे सहसा सांगितले जात नाही.

प्रकरणांच्या क्रमाचा प्रश्न

पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत राजकीय विवेचनाची दोन प्रकरणे, पाचवे आणि अकरावे, निवेदनाच्या ओघातच होती. पक्षीय राजकारणात रस नसलेल्या वाचकाने ती गाळावीत, अशी मुभा लेखकानेच दिली होती. पुढे ती परिशिष्टात टाकावीत अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली आणि पीटर डेव्हिसन यांनी संपादित केलेल्या समग्र साहित्याच्या आवृत्तीत तसे झाले. संपादकाने लेखकाची इच्छा पाळली, याबद्दल तक्रार करता येणार नाही. परिणाम मात्र तपासला पाहिजे. नव्या क्रमात पुस्तक अधिक वाचनीय झाले आहे. खंदक, थंडी, उवा, जखम आणि पलायन अशी एक सलग कथा तयार झाली आहे. पण जुन्या क्रमात १८९६च्या रायफलीची आणि गोठवणाऱ्या रात्रींची वर्णने वाचून होताच पक्ष, सरकारे आणि परकीय सत्ता यांची रूक्ष चर्चा वाचकाच्या मार्गात आडवी येत असे. ती रायफल इतकी जुनी का, हा प्रश्न मनात ताजा असतानाच त्याच्या उत्तराचा निदान एक भाग समोर येई. परिशिष्टात गेलेल्या प्रकरणापर्यंत विद्यार्थी बहुधा पोहोचत नाही, आणि पोहोचलाच तर तोवर त्याच्या मनात बार्सेलोनाच्या गच्चीवरचा पहाराच उरलेला असतो. वर्गासाठी आवृत्ती निवडताना जुन्या क्रमाची प्रत ग्रंथालयात मिळत असेल तर तीच घ्यावी, आणि तिच्याबरोबर १९४२चा निबंध वाचावयास द्यावा. तो जेमतेम वीस-पंचवीस पानांचा आहे. एका तासिकेत वाचून होतो.